स्वाध्याय क्रमांक चार

मी बी.ए. व्हायचं ठरवलं ते एका खुर्चीमुळे. ज्ञानाची ओढ वगैरे कारणं मागाहून सुचली. ती मी फॉर्मवर लिहिली आणि पुढे बऱ्याच लोकांना तोंडी सांगितली.

१९९१ साल. बोईसरला, तारापूर एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात मी क्लार्क होतो. कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता बाहेर पडला, कोण आलाच नाही, हे मस्टरवर लिहायचं, एवढं माझं काम. पंधरा वर्षं मी ते बिनचूक केलं. मग वाणगावचा दादू माझ्या हाताखाली लागला. मस्टरवर रेघ कशी मारायची इथपासून मी त्याला शिकवलं. दीड वर्षात तो सीनियर क्लार्क झाला, कारण तो बी.कॉम. होता आणि मी जुनी अकरावी. त्याला हातांची खुर्ची आली. माझी बिनहातांचीच राहिली. दादू स्वभावाने चांगला. म्हणाला, "काका, मी नसेन तेव्हा तुम्ही बसत जा ना माझ्या खुर्चीवर." (बसलो. तो नसताना. दोनदा.)

पर्सोनेल मॅनेजरांकडे गेलो, तर ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "पागधरे, डिग्री आणा, खुर्ची घ्या."

त्याच सुमाराला पेपरात मुक्त विद्यापीठाची जाहिरात आली. घरबसल्या पदवी. पुस्तकं पोस्टाने येणार, उत्तरं लिहून पाठवायची, आणि रविवारी तेवढं पालघरला एका कॉलेजात अभ्यासकेंद्रावर जायचं. 'घरबसल्या' हा शब्द मला फार आवडला. घरी बसणं मला पहिल्यापासून चांगलं जमतं.

केंद्रावरच्या क्लार्कने मला दोन फॉर्म दिले. "एक बिघडला तर असू द्या," म्हणाला. (क्लार्कला क्लार्क ओळखतो.) ते घेऊन मी सालवडला घरी आलो. आमची ही, पुष्पलता, भाकरी थापत होती. तिने हात पुसले आणि फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मागच्या सूचनासुद्धा. मागच्या सूचना वाचणारं माणूस मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

"मॅट्रिक पास चालतं, असं लिवलंय," ती म्हणाली.

"चालतं."

"मी बी मॅट्रिक हाय."

"आहेस ना."

"मग दुसऱ्या फॉर्मवर माझं नाव घातलं तर?"

(पुष्पा शिरगावची. बोलताना 'हाय-नाय' बोलते. मी कंपनीत लागल्यापासून घरीसुद्धा 'आहे-नाही' बोलतो. त्याबद्दल तिने मला कधी काही म्हटलेलं नाही.)

मी हसलो. मनात वाईट काही नव्हतं, पण हसलो. म्हटलं, "अगं, तुला काय करायचीय डिग्री? तुला कोण खुर्ची देणार आहे?"

तिने पुन्हा पिठात हात घातला. एखाद्या माणसाने मोठ्या मनाने तो फॉर्म तसाच फळीवर ठेवून दिला असता. मी तो वापरला. कारण पहिल्या फॉर्मवर 'स्त्री' आणि 'पुरुष' असे दोन बारीक चौकोन शेजारी शेजारी होते आणि मी पक्क्या शाईने 'स्त्री'वर खूण केली. खोडायला गेलो तर कागद फाटला. म्हणजे माझा फॉर्म माझ्या मूर्खपणात गेला आणि तिचा मी खाल्ला.

पुस्तकं आली. समाजशास्त्र, इतिहास, मराठी. पहिली पाळी तीनला सुटायची. चारला मी चहा पिऊन, खिडकीपाशी आसन मांडून समाजशास्त्र उघडायचो आणि सव्वाचारला घोरायला लागायचो. असे आठ-दहा दिवस गेल्यावर पुष्पा म्हणाली, "तुमी डोळे मिटूनच बसा. मी वाचते. कानात तरी जाईल."

मग ती वाचू लागली. समोर बोंबलांचं ताट, दोन्ही हात बरबटलेले, पुस्तक पाटावर उघडं आणि पान उलटायला कोपर. मला काही समजलं नाही की ती थांबून सांगायची.

"प्राथमिक समूह म्हणजे काय ते पुन्हा सांग," मी एकदा म्हटलं.

"म्हंजे आपली आळी. कडाकड भांडलो तरी दुसऱ्या दिवशी मीठ मागायला जाता येतं, तो प्राथमिक. तुमची कंपनी दुय्यम."

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मी हेच जरा शुद्ध करून लिहिलं आणि पास झालो.

लेखी उत्तरांना तिथे स्वाध्याय म्हणत. ते वर्षभर लिहून द्यायचे. माझं अक्षर मस्टरवर घडलेलं. हजरचा 'ह' आणि रजेचा 'र' मी मोत्यासारखा काढतो. बाकीच्या अक्षरांना कधी कामच पडलं नव्हतं. म्हणून पहिला स्वाध्याय मी सांगितला आणि तिने लिहिला. दुसऱ्याला मी थोडं सांगितलं. तिसऱ्यापासून मी सांगायचं थांबवलं, कारण माझ्या सांगण्याने तिचा वेळ जात होता. सही मात्र मी स्वतः करत असे. तिथे मी तडजोड केली नाही.

तिची एक गंमत होती. बोलण्यात 'हाय-नाय', पण कागदावर पेन टेकलं की एकदम 'आहे-नाही'. कुठे अडायचं नाही, कुठे खाडाखोड नाही. केंद्रावर समाजशास्त्र शिकवायला सावे मॅडम होत्या. माहीमच्या, साठीकडे झुकलेल्या, आवाज करडा. त्या माझ्या स्वाध्यायांवर लाल शाईने 'उत्तम' लिहायच्या. एकदा 'फारच उत्तम' लिहिलं. तो कागद मी डब्याच्या पिशवीतून कंपनीत नेला. गेटवरचे शुक्लाजी म्हणाले, "पागधरे बाबू, हमको तो लगा था आप सिर्फ हाजिरी लिखते हैं."

मीसुद्धा हळूहळू त्या कागदांना माझे म्हणू लागलो होतो. हे असं होतं. मुद्दाम कोणी करत नाही.

दुसऱ्या वर्षी, त्र्याण्णवच्या जानेवारीत, केंद्राचं पत्र आलं. स्वाध्याय क्रमांक चार, विषय 'माझ्या परिसरातील श्रमिक स्त्री'. श्री. एकनाथ पागधरे यांचा स्वाध्याय केंद्राच्या स्नेहसंमेलनात वाचनासाठी निवडला आहे, त्यांनी तो स्वतः वाचावा, कुटुंबीयांस सोबत आणावे.

पुष्पा पत्र दोनदा वाचून म्हणाली, "आधी घरी एकदा वाचून बघा काय लिवलंय ते."

"कोळणींवर आहे ना? माहीत आहे मला."

"तरी एकदा वाचा."

"वाचतो गं," असं म्हणून मी शर्टाला इस्त्री केली. पुढच्या दोन दिवसांत ती आणखी एकदा म्हणाली, तेव्हा मी बुटांना पॉलिश केलं.

त्या रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. कंपन्यांतले कामगार, दोन पोलीस, अंगणवाडीच्या बाया, एक पोस्टमन. सगळे माझ्यासारखे उशिरा शहाणे व्हायला निघालेले. पुष्पा नारळी काठांचं पातळ नेसून आली होती. ती शेवटच्या रांगेत, पाण्याच्या पिंपाशेजारी बसली.

माझं नाव पुकारलं. वर गेलो, खाकरलो आणि सुरुवात केली. सूर्य वर येण्याआधी शिरगावच्या बायका वाळूत उतरतात. होड्या लागलेल्या असतात. कोणत्या होडीतून काय उतरणार हे त्यांना वासावरून कळतं. एक पान छान गेलं. माझा आवाज हॉलमध्ये घुमतोय हे मलाच आवडायला लागलं. मी पान उलटलं.

"मी नववीत असताना पहिल्यांदा टोपली डोक्यावर घेऊन आईबरोबर पालघरच्या बाजारात गेले."

पहिल्या रांगेतला पोस्टमन हसला. मला वाटलं, लिहिण्यात चूक झाली असेल. पुढचं वाक्य होतं, 'रस्त्यात दोनदा बसले.' ते मी 'बसलो' असं वाचलं. "भूगोलाचं पुस्तक मी टोपलीत मासळीखाली लपवून नेलं होतं. ते भिजलं म्हणून आईने मारलं, पण मी रडलो नाही." इथवर निभावलं. पुढे लिहिलं होतं, 'बाजार उठल्यावर आईने माझ्या वेणीत अबोली माळली.'

मी थांबलो. वेणीचं काय करायचं ते सुचेना. उभ्या उभ्या तिला पुल्लिंग सापडेना. मी कागद जरा लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि शेवटी "आईने माझ्या... केसांत... तेल घातलं" असं म्हटलं. आता पोलीसही हसायला लागले.

सावे मॅडम खुर्चीवरून म्हणाल्या, "पागधरे, बदलू नका. स्त्रीच्या भूमिकेत शिरून लिहिलंय, तेच त्याचं बळ आहे. जसं कागदावर आहे तसं वाचा."

मग जसं होतं तसं वाचलं. आणि थोड्या वेळाने कोणी हसेनासं झालं.

"सतरावं सरताना मी मॅट्रिक झाले. आमच्या आळीतली पहिली मुलगी. हेडमास्तर घरी आले, म्हणाले, हिला डी.एड.ला पाठवा, मास्तरीण होईल. बाबा हो म्हणाले. त्याच महिन्यात बोईसरच्या कंपनीतल्या मुलाचं स्थळ आलं. बघायला आला तेव्हा मुलगा स्वतःच म्हणाला, हिला शिकायचं असेल तर लग्नानंतर शिकू दे, माझी काही हरकत नाही. म्हणून मी हो म्हटलं."

त्या दिवसातलं मला बरंच आठवत होतं. नवे बूट चावत होते ते आठवत होतं. चहात साखर जास्त होती ते आठवत होतं. हे वाक्य मात्र आठवत नव्हतं. पण मी ते म्हटलं असणार. त्या काळी ते म्हणायची पद्धत होती. मामाने आदल्या दिवशी मला पढवलं होतं की असं म्हण, चांगलं दिसतं.

पुढे वाचायचं होतं. सगळे ऐकत होते.

"या गोष्टीला सोळा वर्षं झाली. हरकत कोणाचीच नव्हती. वेळ आली नाही, एवढंच. घरच्या कामाला येण्याची वेळ नसते, जाण्याची वेळ नसते आणि रजा नसते, म्हणून ते कुठल्या मस्टरवर लागत नाही. आमच्या घरी तर मस्टर लिहिणारा माणूस आहे. तरीही नाही."

संपलं. मग टाळ्या इतक्या वाजल्या की मी मागे वळून पाहिलं, कोणी पाहुणे आलेत की काय. एक अंगणवाडीची बाई डोळे पुसत होती. स्वतःवर एवढी टीका करणारा नवरा तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिला होता.

सावे मॅडम उठून माझ्याजवळ आल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "पागधरे, एक सांगा. हे तुम्हाला कसं सुचलं?"

मी समोर पाहिलं. शेवटच्या रांगेत पुष्पा पदर सावरून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. परीक्षेतली बाई पेपर वाटताना जशी बघते तशी. 'हे मी लिहिलेलं नाही, ती मागे बसलीय ना, तिने लिहिलंय,' एवढंच म्हणायचं होतं. काही अवघड शब्द नव्हते त्यात. तेवढं म्हटलं असतं तर सत्तर माना मागे वळल्या असत्या.

मी म्हटलं, "निरीक्षण."

पुन्हा टाळ्या. मला बक्षीस म्हणून एक जाडजूड शब्दकोश मिळाला. आज इतक्या वर्षांनीही दाढी करताना मध्येच तो शब्द आठवतो आणि मी गाल कापून घेतो.

परतीच्या एसटीत एकच जागा होती. पुष्पा बसली, शब्दकोश तिच्या मांडीवर दिला आणि मी दांडीला धरून उभा राहिलो. बरंच अंतर गेल्यावर मी वाकून म्हटलं, "इतकं मनात होतं तर मला सांगायचंस."

"सांगितलं की. लिवून दिलं," ती म्हणाली. "तुमी त्याखाली सही केली."

पुढच्या स्टॉपवर मी म्हटलं, "वर असताना मी तुझं नाव घ्यायला हवं होतं."

"हं."

"राग आलाय का?"

तिने शब्दकोश उघडून काहीतरी शोधलं, मिटला, खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाली, "उद्या पहिली पाळी हाय ना तुमची? डब्याला काय देऊ?"

त्यानंतर ती एवढंच म्हणाली की आता तुमचं तुमी लिवा. घरातलं बाकी काही बदललं नाही. डबा वेळेवर, चहा चारला. फक्त चहानंतर ती शेजारच्या खोलीत जाऊन बसू लागली, कधी आळीतल्या बायकांची पत्रं लिहून द्यायला. पुस्तकातलं विचारलं तर सांगायची. आपणहून थांबून सांगणं बंद झालं. मला कळलं की ती बोंबलांच्या ताटासमोरची दीड-दोन वर्षं आमच्या संसारातली सगळ्यात बडबडी वर्षं होती, आणि त्यातली निम्मी मी झोपेत घालवली होती.

माझा पुढचा स्वाध्याय मी स्वतः लिहिला. सावे मॅडमनी वर लिहिलं, 'तब्येत बरी आहे ना?' त्याच्या पुढच्यावर लिहिलं, 'घरी काही दुःखद घडलं आहे का?' तिसऱ्यावर काहीच लिहिलं नाही, नुसते गुण दिले. वीसपैकी सात.

तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर मला राहवेना. एका रविवारी वर्ग सुटल्यावर मी मॅडमपाशी थांबलो आणि सगळं सांगितलं. फॉर्मपासून. त्या चष्मा पुसत ऐकत होत्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षीची तुमची उत्तरपत्रिका मीच तपासली होती. ते अक्षर आणि हे अक्षर एका घरचं असेल, एका हाताचं नाही."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर मला कसं सुचलं म्हणून का विचारलंत?"

"तुम्हाला सांगता यावं म्हणून," मॅडम म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच तर वाचायला बोलावलं होतं. आणि कुटुंबीयांस आणा म्हणून मुद्दाम लिहिलं होतं."

खरं तर तिथेच विद्यापीठाने माझं नाव काढून टाकायला हवं होतं. मॅडमनी तसं केलं नाही. पुढचे सगळे स्वाध्याय आणि शेवटची परीक्षा स्वतःच्या डोक्याने द्या, म्हणाल्या. (ही शिक्षा किती मोठी आहे याची त्यांना कल्पना नव्हती.) आणि कपाटातून एक कोरा फॉर्म काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

बोईसरपर्यंत मी तो फॉर्म छातीशी धरून आणला, चुरगळू नये म्हणून. मनात सगळं ठरवलं होतं. ती हो म्हणेल, मी शेजारी बसून फॉर्म भरीन, या वेळी चौकोन नीट बघून, आणि सोळा-सतरा वर्षांचं सगळं एका दुपारी फिटेल.

पुष्पाने फॉर्म घेतला. पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मागच्या सूचनांसकट. बराच वेळ लागला तिला. स्वतःच्या नावाची जागा होती तिथे तिने बोट फिरवलं.

"तीच पुस्तकं हायत ना?" तिने विचारलं.

"तीच."

"तुमच्यासाठी वाचली ती मी दोन वर्षं. इतिहासाचं तर तिसऱ्या वर्षाचं बी वाचून झालं, तुमी कंपनीत असताना. आता कागदासाठी तीच परत वाचू?"

"वाच ना. काय हरकत आहे?"

हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला मला माहीत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मी तिच्या फॉर्मवर हसलो होतो तसं नाही, जरा दमल्यासारखं. "आई झोपून हाय शिरगावला," ती म्हणाली. "आठवड्याला तीन फेऱ्या होतात माझ्या. पुढल्या वर्षी बघू." आणि फॉर्म घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला.

पुढल्या वर्षी तिची आई गेली. त्याच्या पुढल्या वर्षी थोरल्या मुलीचं कॉलेज सुरू झालं. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही, कारण आठवण करताना मी तिच्यासाठी करतोय की माझ्यासाठी, हे मलाच कळेना.

मी बी.ए. झालो. एका विषयात दोनदा आपटून, शहाण्णव साली, तिसऱ्या वर्गात. प्रमाणपत्र घेऊन मॅनेजरांकडे गेलो. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "छान. आता टाइम ऑफिसला कॉम्प्युटर येतोय. कोर्स करून या." दादूने पेढे वाटले. माझ्या वतीने, त्याच्या खुर्चीवर बसून.

मग मी निदान एवढं केलं की बोईसरच्या बाजारातून दारासाठी पितळी पाटी करून आणली. 'एकनाथ पागधरे, बी.ए.' पुष्पाने ती स्वतः चिंचेने घासून लखलखीत केली आणि बरोबर सरळ आहे का ते लांबून पाहून सांगितलं.

पाटी लागून आठ दिवस झाले नसतील. रविवारी सकाळी दारावर थाप पडली. उघडलं तर पाड्यावरची नवसी उभी होती. आमच्या शेजारच्या कंपनीत कंत्राटावर झाडायला जायची, तिला न सांगता कामावरून कमी केलं होतं, हे मला गेटवर कळलं होतं. तिच्या मागे आणखी दोघी होत्या, हातात कागद घेतलेल्या.

"बी.ए. बाईचं घर ह्येच ना?" नवसीने विचारलं. "सायबाला अर्ज लिवायचा हाय."

मी पाटीकडे बोट केलं. जरा ताठ झालो. म्हटलं, "बाई नाही. बी.ए. मी आहे."

नवसीने पाटीकडे पाहिलं, मग मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुमी नाय," ती समजुतीने म्हणाली. "जिला लिवता येतं ती."

मी दारातून बाजूला झालो आणि आत हाक मारली.